पाणबुड्याचा पोशाख आणि घरची कात्री

वाचकहो, सदरा दोन बोटे सैल झाला म्हणून कोणाचा घात झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. शिंप्याला चार शब्द सुनावून मनुष्य तोच सदरा वर्षभर वापरतो. परंतु थंड समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याचा रबरी पोशाख सैल झाला, तर तो अंगावर असून नसल्यासारखाच. हा पोशाख एके काळी पाश्चात्त्य देशांतील पुष्कळ हौशी लोक घरीच बेतीत असत. घरी शिवणयंत्र चालविणाऱ्या आमच्या भगिनींना ती हकीकत रुचेल, अशी आमची खात्री आहे.

पाणी अंगातील उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. त्यावर उपाय म्हणून पूर्वीचे पाणबुडे लोकरी कपड्यांवर पाणी न शिरणारा रबरी झगा चढवीत. तो कोठे टरकला की आत पाणी भरे आणि लोकर कुचकामी होई. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१-५२ च्या सुमारास या प्रश्नाकडे उलट्या बाजूने पाहिले. पाणी आत आले तर खुशाल येऊ द्यावे, ऊब राखण्याचे काम पोशाखाच्या जाडीने करावे, असा त्यांचा विचार. निओप्रीन या कृत्रिम रबराच्या स्पंजासारख्या पट्टीत वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात व ते उष्णता अडवून धरतात. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने कोमट होतो. मात्र तो तेथेच राहिला पाहिजे. पोशाख सैल असेल तर प्रत्येक हालचालीसरशी कोमट पाणी बाहेर जाते, गार पाणी आत येते, आणि एवढी सगळी युक्ती व्यर्थ होते.

म्हणून माप हाच या पोशाखाचा प्राण. सुमारे ६ मिलिमीटर जाडीची निओप्रीनची पट्टी विकत आणावयाची. छाती, कंबर, मुंढा, दंड, मांडी, पोटरी यांची मापे घेऊन कागदावर नमुना काढावयाचा व त्याबरहुकूम कापावयाचे. आमचे शिंपी शिवणीसाठी काठाला जी माया सोडतात, ती येथे मुळीच सोडावयाची नाही. कारण तुकडे एकावर एक येत नाहीत, काठाला काठ भिडवून चिकटवितात. दोन्ही काठांना रबराचे सोल्यूशन लावून बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे, मग नेमके जुळवून दाबावे. एकदा भिडलेला काठ पुन्हा सुटत नाही, तेव्हा हात स्थिर हवा. या कामी खिडक्या उघड्या आणि चूल विझलेली असणे अगत्याचे, कारण सोल्यूशनची वाफ डोक्यात जाते व पेटही घेते. इंग्लंडात सांध्यांवरून पिवळी फीत चिकटवीत. तो पिवळ्या रेघांचा काळा पोशाख त्या काळच्या छायाचित्रांत चटकन ओळखू येतो. आतून अस्तर नसल्यामुळे अंगाला टाल्कम पावडर फासल्यावाचून तो चढत नसे. गळा मात्र फार आवळू नये; मानेच्या शिरांवर दाब पडला तर भोवळ येते, आणि पाण्याखाली भोवळ येणे म्हणजे काय ते सांगावयास नको.

गोव्यात ग्रँड बेटापाशी आणि मालवणजवळ तारकर्लीस आता पर्यटक बुड्या मारतात. तेथील पाणी उबदार असल्याने पातळ पोशाख पुरतो. तो भाड्याचा असला तरी काखेत व पाठीच्या कण्याशी पोकळी राहते की काय, एवढे चाचपून घ्यावे.

घरच्या कारागिरीला आमचा मान आहे. फिलिपाइन्स, मलेशिया व इंडोनेशिया येथील बजाऊ लोक आपल्या चेहऱ्याच्या ठेवणीबरहुकूम लाकूड कोरून, त्यात काच बसवून चष्मे करतात, तेही बेतलेलेच. पण त्या चष्म्यात नाक येत नाही. खोल जाताना दाब वाढतो, आत नाकावाटे हवा सोडता येत नाही, आणि काच डोळ्यांवर रुतते.

श्वासाचे यंत्र ही मात्र वेगळीच गोष्ट. ज्याक-ईव्ह कूस्तो व एमिल गान्याँ यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये जो रेग्युलेटर सिद्ध केला, त्याचे कार्य भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा प्रत्येक श्वासाला देणे. १० मीटर खोलीवर दाब भूपृष्ठाच्या दुप्पट असतो. तेथे छातीभर घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर ती दुप्पट फुगू पाहते व फुप्फुस फाटते. ही इजा दोन-तीन मीटरांवरूनही होऊ शकते. असे असता युद्धानंतर काही हौशी मंडळींनी विमानांतील जुनी नळकांडी आणि गॅसचे रेग्युलेटर बदलून घरीच श्वासयंत्रे जुळविली. आजही काही देशांतील गरीब कोळी साध्या कॉम्प्रेसरला प्लॅस्टिकची नळी जोडून तोंडात धरतात. इंजिनाचा विषारी धूर त्या नळीतून आत येतो. आणि फार वेळ खोल राहून झटकन वर आलेल्या तरण्याताठ्या पुरुषांचे पाय कायमचे लुळे पडतात. दारिद्र्य हे त्याचे कारण आहे, हौस नव्हे. म्हणून त्यांना दोष देण्यास आमची लेखणी धजत नाही.

परंतु आपल्या घरातील हुन्नरी मुलगा असे यंत्र जुळवू म्हणेल, तर त्याच्या हातात निओप्रीन आणि कात्री द्यावी, नळकांडे देऊ नये. त्यात सुमारे २०० वातावरणांचा दाब भरलेला असतो. म्हणून ठरावीक वर्षांनी ते पाण्याच्या दाबाने तपासून त्याच्या खांद्यावर तपासणीची तारीख ठोकतात. बुडी मारण्यापूर्वी ती तारीख स्वतः वाचावी, आणि ती पुसट असेल तर दुसरे नळकांडे मागावे.