जेल पाडायचं तर पाडा, दप्तर रद्दीत घालू नका!

तालुक्याच्या गावात जुनी मामलेदार कचेरी असते आणि तिच्या अंगाला सबजेलच्या दगडी कोठड्या. नवी इमारत झाली की कोठड्यांत आधी मोडक्या खुर्च्या जातात, मग एक दिवस जेसीबी येतो. "चोराचिलटांच्या खोल्या, त्यात जपायचं काय?" म्हणणाऱ्यांसाठी ही पोस्ट.

सांगलीचं जेल बघा. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील साथीदारांसह ते फोडून भरदिवसा बाहेर पडले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले, दादांना गोळी लागली. तेच दादा १९७७ ला मुख्यमंत्री झाले. धुळ्याच्या जेलात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. आपला इतिहास काय फक्त गडकिल्ल्यांवरच घडला?

पण माझं भांडण नुसतं पाडणाऱ्यांशी नाही, पाटी लावून मोकळं होणाऱ्यांशीही आहे. १५ ऑगस्टला हार, फोटो, भाषण, संपलं! इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पुढे आपल्याकडचे पारधी, कैकाडीही त्यात आले. देश १९४७ ला सुटला, हे लोक ३१ ऑगस्ट १९५२ ला. त्यांची पाटी कुठंय? त्यांची नावं सापडली तर जेलच्या जुन्या रजिस्टरातच सापडतील. कोण, कुठल्या गावचा, कशासाठी, किती दिवस आत. आणि ते रजिस्टरच आपण वाळवीला घालतो.

हे जुनं उकरून काढणं नाही. २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे चारातले तीन, गुन्हा शाबित न होताच आत! गरिबाला जामीनदार मिळत नाही, हे दुखणं आजचं नाही. किती जुनं, ते त्या दप्तरातच दिसेल.

म्हणून मागणी साधी आहे. कोठडीला हात लावण्याआधी मोजमाप आणि फोटो घ्या. दप्तर पुराभिलेख खात्याकडे पोचवा. निदान एक कोठडी तरी उभी ठेवा, आणि पाटीवर सगळ्यांची नावं येऊ द्या.

तुमच्या तालुक्यात सबजेल कुठं होतं? घरातलं कुणी आत होतं का, सत्याग्रहात असो वा सावकाराच्या भांडणात? कमेंटमध्ये लिहा. लाजू नका. लाज वाटायचीच तर ती दप्तर रद्दीत घालणाऱ्यांना वाटू दे.