विश्लेषण : ऑफिस घरात आले, पण मूल सांभाळायचे कोणी?

मार्च २०२० मधील लॉकडाऊनमुळे पुण्या-मुंबईतल्या अनेक नोकऱ्या लॅपटॉपसह खान्देशात आल्या. काही तरुण दाम्पत्ये अजूनही गावाकडूनच काम करतात. धुळे तालुक्यातील सोनगीरसारख्या महामार्गावरच्या गावात शहरातले घरभाडे वाचते, आजी-आजोबाही जवळ असतात. मात्र घरात लहान मूल असेल, तर ‘घरून काम’ याचा अर्थ ‘घरीच तर आहे’ असा घेतला जातो. ओढाताण सुरू होते ती इथूनच.

सोनगीरला हे नवे आहे का?

सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. कारागिराच्या घरात काम आणि संसार शेजारी-शेजारी चालणे नवीन नाही. पण हातोड्याचे ठोके ऐकू आले की काम सुरू आहे, हे लहान पोरालाही समजते. लॅपटॉपचे काम ऐकू येत नाही. मीटिंगमध्ये बसलेली आई घरच्यांना रिकामी वाटते.

कायदा काय सांगतो?

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असल्यास, मालक आणि कर्मचारी महिलेच्या संमतीने घरून काम करता येते. म्हणजे कंपनी नकार देऊ शकते. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक आहे. पण पुण्यातल्या कार्यालयाजवळचे पाळणाघर सोनगीरहून काम करणाऱ्या आईच्या काय कामाचे?

वडिलांचे काय?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रासाठी असा केंद्रीय कायदा नाही. घरातले चित्रही फारसे वेगळे नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. दोघेही घरूनच काम करत असले तरी मूल रडल्यावर उठायचे कोणी, हे बहुतेक घरांत आधीच ठरलेले असते.

मग मार्ग काय?

पहिला मार्ग घरातला आहे. दिवसाचे तास वाटून घ्यावेत. ज्याची पाळी, त्याने लॅपटॉप बंद करून मुलाकडे बघावे. आजी मदत करते म्हणून तिला बिनपगारी पाळणाघर समजू नये. दुसरा मार्ग कंपनीचा. मीटिंगच्या वेळा आदल्या दिवशी कळल्या, तरी निम्मा ताण हलका होतो.

तिसरी जबाबदारी सरकारची. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’मधील पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. सोनगीरसारख्या मोठ्या गावांत ते सुरू झाले, तर लॅपटॉपवर काम करणाऱ्या आईइतकाच शेतात मजुरीला जाणाऱ्या आईलाही आधार मिळेल. गावात इंटरनेट पोहोचले, नोकरीही पोहोचली. आता पाळणाघर पोहोचायला हवे.