समाधीजवळचा मुका सोबती

लंडनच्या उत्तरेस हायगेट नांवाची जुनी दफनभूमि आहे. ती १८३९ सालीं सुरू झाली. तेथें टॉम सेयर्स नामक मुष्टियोद्ध्याच्या कबरीपाशीं एक दगडी कुत्रा निजला आहे. हा त्याचा ‘लायन’. सेयर्स १८६५ सालीं वारला, तेव्हां अंत्ययात्रेंत मुख्य शोककर्त्याचा मान या मुक्या प्राण्यास मिळाला. गळ्यांत काळें वस्त्र बांधून तो लहानशा गाडींत बसला होता. त्याच दफनभूमींत फिरतें प्राणिप्रदर्शन चालविणाऱ्या जॉर्ज वॉम्बवेलच्या कबरीवर ‘नीरो’ सिंह पहुडला आहे. दोन्ही कबरी आज कायद्यानें संरक्षित आहेत.

हें वाचून वाचकांस रायगडावरील वाघ्या आठवल्यावांचून राहणार नाहीं. शिवछत्रपतींच्या समाधीनजीक उंच चौथऱ्यावर हें शिल्प १९३६ सालीं बसविण्यांत आलें. स्वामीच्या चितेंत उडी घेणाऱ्या वाघ्याची कथा आम्ही सर्वांनींच लहानपणीं ऐकली आहे. परंतु महाराज निवर्तले १६८० सालीं, आणि समकालीन कागदांत वाघ्याचा उल्लेख नाहीं, असें संशोधक सांगतात. यावरून वाद माजला. २०१२ सालीं कांहीं जणांनीं शिल्प उखडलें. तें पुनः बसविलें गेलें. २०२५ सालीं तें हलविण्याची मागणी पुनः पुढें आली.

आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं एक भेद ध्यानांत घ्यावा. सेयर्सचा लायन लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलेला. त्याचा दगड ही घडलेल्या गोष्टीची खूण आहे. वाघ्याचा दगड १६८० चा साक्षीदार नव्हे. तो १९३६ च्या भक्तीचा साक्षीदार आहे. तेवढें स्पष्ट शब्दांत चौथऱ्यावर कोरावें. मग तो फोडण्याचें कारण उरत नाहीं, व मुलांना कथा इतिहास म्हणून पढविण्याचेंहि उरत नाहीं.

कथेचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. आम्ही राहतों तें उल्हासनगर लष्करी छावणीच्या जागीं वसलें. त्यास हें नांव मिळालें १९४९ सालीं. कॅम्प नं. ३ मधील आमच्या सिंधी शेजाऱ्यांना पूर्वजांचीं स्मारकें सिंधूकाठींच सोडावीं लागलीं. बरोबर आल्या त्या केवळ गोष्टी. त्या त्यांनीं जपल्या, यांत कोणास गैर वाटेल? धर्मराजानें स्वर्गाच्या दारींहि सोबतचें कुत्रें सोडलें नाहीं, या महाभारतांतील कथेस तरी आपण कागदाचा पुरावा कोठें मागतों? कथा कथा म्हणून सांगितली, तर तिचा बोध कमी होत नाहीं. मात्र तिला खोटा दाखला जोडला, कीं दाखला उघडा पडतांच बोधावरचाहि विश्वास उडतो. घरांतील मुलांना या सुटींत रायगडावर नेणाऱ्या पालकांनीं एवढें अवश्य सांगावें.