कंपनी बुडाली, भाषा उरली

१/ त्रिमितीय खेळांच्या इतिहासात चर्चा होते ती बहुधा ग्राफिक्स कार्डांच्या वेगाची. परंतु खेळ आणि कार्ड यांच्यामध्ये आज्ञांची एक ठरलेली भाषा असते. तिला ग्राफिक्स एपीआय म्हणतात. ही भाषा कोणाच्या मालकीची असावी, हा वाद तीन दशके जुना आहे.

२/ १९९० च्या सुमारास या क्षेत्रावर सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीचा दबदबा होता. ‘ज्युरासिक पार्क’मधील संगणकीय डायनोसॉर तिच्याच यंत्रांवर घडले. १९९२ साली तिने आपल्या ‘आयरिस जीएल’वरून खुले ‘ओपनजीएल’ सिद्ध केले आणि त्याचा कारभार अनेक कंपन्यांच्या समितीकडे सोपवला. त्या समितीत मायक्रोसॉफ्टही होती.

३/ पुढे मात्र वाटा फुटल्या. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने केवळ विंडोजसाठी ‘डायरेक्टथ्रीडी’ आणले. त्याच सुमारास थ्रीडीएफएक्स कंपनीचे वूडू कार्ड आले आणि त्यासोबत फक्त त्याच कार्डांसाठीची ‘ग्लाइड’ ही भाषा.

४/ ‘क्वेक’चा कर्ता जॉन कारमॅक याने १९९६ च्या अखेरीस डायरेक्टथ्रीडीवर उघड टीका करून ओपनजीएलची बाजू घेतली. १९९७ साली अनेक खेळनिर्मात्यांनी मायक्रोसॉफ्टला जाहीर पत्रही लिहिले.

५/ तरीही विंडोजवरील खेळांत डायरेक्टथ्रीडीच जिंकले. हा केवळ बळाचा विजय मानणे अन्यायाचे ठरेल. प्रोग्रामेबल शेडर त्याने २००० साली आणले. ओपनजीएलच्या मूळ प्रमाणात शेडरची भाषा यायला २००४ उजाडले. एकाने ठरवायचे असले की काम झपाट्याने होते. दहाजणांच्या संमतीला वेळ लागतो. खुलेपणाची ही किंमत नाकारण्यात अर्थ नाही.

६/ परंतु इतिहासाचा निकाल एका पिढीत लागत नाही. थ्रीडीएफएक्सने १९९९ साली ग्लाइड खुले केले, पण तोवर उशीर झाला होता. २००० च्या अखेरीस कंपनीची मत्ता एनव्हीडियाकडे गेली आणि ग्लाइड संपले. ग्लाइडवरच विसंबलेले जुने खेळ आज चालतात ते हौशी मंडळींनी लिहिलेल्या दुभाषी प्रोग्रामांच्या कृपेने.

७/ सिलिकॉन ग्राफिक्सनेही २००६ आणि २००९ अशी दोनदा दिवाळखोरी पाहिली. ओपनजीएल मात्र तिच्यासोबत बुडाले नाही. २००६ साली ते ख्रोनोस समूहाकडे गेले. त्याचे छोटे रूप मोबाइलमध्ये शिरले आणि २०११ पासून वेबजीएलच्या रूपाने ब्राउझरमध्येही.

८/ वाद अजून मिटलेला नाही. ॲपलने २०१४ साली स्वतःचे ‘मेटल’ काढले आणि २०१८ साली ओपनजीएल कालबाह्य ठरवले. दुसरीकडे, एएमडीने आपले ‘मँटल’ ख्रोनोसला दिले आणि त्यातून २०१६ साली खुले ‘वल्कन’ जन्मले. आज लिनक्सवर डायरेक्टथ्रीडीचे असंख्य खेळ चालतात ते त्यांच्या आज्ञा वल्कनमध्ये भाषांतरित करूनच.

९/ म्हणून ‘खुले की मालकीचे’ हा प्रश्न केवळ वेगाचा नाही. या हंगामात खेळ विकायचा असेल, तर मालकीची वाट चुकीची नाही. पण तीस वर्षांनी तोच खेळ कोणी उघडू पाहील, तेव्हा मालक हयात असेलच असे नाही. मोडी वाचणारे उरले नाहीत, तर दप्तरे शाबूत असूनही मुकी होतात. ज्या भाषेचे ज्ञान एकाच घरात कोंडलेले असते, तिच्यातील लेखनावर तीच वेळ लवकर येते. खुलेपणाचे खरे मोल या वारशाच्या तरतुदीत आहे.