आराखडा की युक्तिवाद?

साहित्यविषयक प्रबंधाचा आराखडा आता छापील अर्जासारखा झाला आहे : उद्दिष्टे, गृहीतके, संशोधनपद्धती, विश्लेषण, निष्कर्ष. ही मांडणी प्रायोगिक विज्ञानांतली आहे. तेथे तिला प्रयोजन आहे. प्रयोग इतरांना पुन्हा करून पाहता यावा, म्हणून पद्धती आणि निष्पत्ती वेगळ्या नोंदवाव्या लागतात. तरीही ही मांडणी वैज्ञानिकाच्या विचारप्रक्रियेचे विपरीत चित्र उभे करते, असा आक्षेप पीटर मेडावर या जीवशास्त्रज्ञानेच १९६३ मध्ये घेतला होता.

समीक्षेत तर पद्धती वाचनापासून अलग काढताच येत नाही. कादंबरीतील निवेदकाचे स्थान ठरविणे हे विश्लेषणही असते आणि निष्कर्षही. शिवाय या चौकटीत गृहीतक बहुधा सिद्धच होते, कारण त्याच्या विरुद्ध कोणी बोलतच नाही. ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या प्रकरणात पूर्वसूरींची नावे ओळीने येतात. त्यांच्याशी वाद होत नाही.

मीमांसेच्या अधिकरणात विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष असा क्रम असतो. पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून तेथे सिद्धान्ताकडे जाता येत नाही. त्या चौकटीचे पुनरुज्जीवन करावे, असे म्हणायचे नाही. तीही यांत्रिक होऊ शकते. परंतु मार्गदर्शकाने ‘तुमचे गृहीतक कोणते?’ याऐवजी ‘तुमचा वाद कोणाशी?’ असे विचारले, तर प्रकरणांचा क्रम त्या उत्तरातूनच सिद्ध होईल. नोंदणीच्या वेळीच ज्याची प्रकरणे ठरतात, त्या प्रबंधात शोध लागावा तरी कसा?