काडेपेटीची चित्रं आणि पुठ्ठ्यावरची नदी

बरेच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय खेळांचा आहे, पण त्यावर लोक आता रीतसर संशोधन करतात. गेल्या महिन्यात दोन मुलं आपापले प्रोजेक्ट घेऊन माझ्याकडे आली आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतं आहे.

पहिली माझ्या भाचीची मुलगी. उल्हासनगरला असते, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. (नाव लिहीत नाही, घरचे ओळखतीलच. भाचीबाई, रागावू नका.) इंग्रजी शाळेतल्या मुलांनी मराठी शब्द शिकावेत म्हणून तिने मोबाइलसाठी एक अॅप केलं आहे. शब्दांची यादी माझ्याकडून नेली, म्हणून मी तिची मार्गदर्शक! बरोबर उत्तर दिलं की तारा मिळतो, दहा तारे झाले की बिल्ला, रोज खेळलात तर दिवसांची माळ वाढते, आणि एक दिवस चुकला की माळ तुटते. शिवाय सर्वांत वर कोण आहे त्याची यादी. याला म्हणे गेमिफिकेशन म्हणतात. शब्द तसा नवाच, या शतकाच्या सुरुवातीचा.

मग संशोधन म्हणून तिने एक प्रश्नावली काढली आणि सगळ्या नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवली. 'तुम्हाला मजा आली का? एक ते पाच गुण द्या.' बहुतेक काका-मावश्यांनी पाचपैकी पाच दिले. मीही दिले, लपवत नाही. पोरगी आपली आहे. पण एवढ्यावरून प्रबंधात निष्कर्ष निघाला की या पद्धतीने भाषा चांगली शिकता येते, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. कारण हे सगळं मी एकदा करून बसले आहे.

1976 सालची गोष्ट. मी अंबरनाथला चौथीच्या वर्गावर होते. तिथे तेव्हा विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना जोरात होता आणि पोरांना काडेपेटीवरच्या चित्रांचं भयंकर वेड. वर्गात पाढे कोणी पाठ करेना, म्हणून मी युक्ती काढली. एक पाढा बिनचूक म्हटला की एक चित्र. पहिले पंधरा दिवस चमत्कारच झाला. मुख्याध्यापकांनी इतर शिक्षकांना माझा वर्ग दाखवला. मग हळूहळू पोरं सोपे पाढेच पुन्हापुन्हा म्हणू लागली. एकोणतीसच्या वाटेला कोण जातो? मधल्या सुट्टीत चित्रांचा बाजार भरू लागला.

त्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलायचा. पाढे त्याला येत असत, पण चारचौघांत तोंडून निघत नसत. महिनाभरात त्याला एकही चित्र मिळालं नाही. एके दिवशी त्याने घरून मूठभर चित्रं आणली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बाई, मा-माझ्याकडे आहेत. मला म्हणायला नका सांगू."

मी त्या दिवशी तो खेळ बंद केला. चित्रं बंद झाली तसे पाढेही बंद झाले! आधी जी पाच-सहा मुलं आपणहून म्हणायची, तीसुद्धा "बाई, आता काय मिळणार?" असं विचारू लागली.

पुढे किती वर्षांनी कळलं की 1973 मध्येच अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी नेमका याचा प्रयोग केला होता. ज्यांना चित्रं काढायला मनापासून आवडतं अशी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र देऊ. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर आधी आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या निम्म्याच्या आसपास वेळच चित्रांपाशी बसली होती. मी हे तिला सांगितलं. म्हटलं, मजा आली का ते विचारू नकोस. तारे काढून टाक आणि महिन्याने बघ, कोणाला किती शब्द आठवतात. ती म्हणाली, "आजी, वीस तारखेला सबमिशन आहे." असो.

दुसरा मुलगा आमच्याच बिल्डिंगमधला, इथे बदलापूरला. त्याचा प्रोजेक्ट म्हणजे सिम्युलेशन गेम, खऱ्या गोष्टीची खेळात केलेली नक्कल. त्याने उल्हास नदी घेतली. मोठ्या पुठ्ठ्यावर कर्जतपासून नेरळ, वांगणी करत बदलापूरपर्यंत नदी काढली, दोन्ही काठांना चौकोन. प्रत्येकाकडे ठरावीक पैसे. जागा घ्यायची, घर बांधायचं, दुकान बांधायचं. नदीकाठच्या जागा स्वस्त. पावसाच्या चिठ्ठ्या उचलायच्या आणि त्याप्रमाणे पाणी चढत जातं.

आम्ही चौघं खेळायला बसलो. तो, त्याची आई, तळमजल्यावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका आणि मी. आणि सांगायला लाज वाटते, मी पहिल्याच फेरीत नदीकाठच्या तीन जागा घेतल्या! 26 जुलै 2005 ला माझ्या जुन्या घरात कमरेएवढं पाणी होतं. वर्गाच्या सगळ्या वह्या, यजमानांची पेटी, सगळं गेलं. 2019 च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली, तेही याच नदीने केलं. हे सगळं माहीत असून मी काठाला गेले, कारण स्वस्त होतं. पेपरात अग्रलेख वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्या पाच मिनिटांत कळलं. लोक तिथे का बांधतात ते.

पण खरी गंमत पुढे आहे. पाणी येणार म्हटल्यावर मी पैसे देऊन माझ्या जागेवर भराव टाकला. खेळाच्या नियमाप्रमाणे माझं घर वाचलं. काका चष्मा वर करून म्हणाले, "बाईंनी भराव टाकला, बरं. मग त्यांच्या जागेतलं पाणी गेलं कुठे?"

मुलगा गप्प झाला. नियमात पाणी कुठेच जात नव्हतं, नाहीसं होत होतं. त्याने दोन आठवडे घेतले, बुजुर्गांना विचारत फिरला, कोणाच्या भिंतीवर पाण्याची खूण अजून आहे ते पाहिलं, आणि नियम बदलला. आता एकाने भराव टाकला की शेजारच्या दोन घरांत पाणी चढतं. त्यानंतरच्या खेळात आमची जी भांडणं झाली, काय सांगू!

माझं म्हणणं एवढंच आहे की या प्रोजेक्टांत तपासायचं ते हे. खेळाचे नियम कोणी केले, त्यात काय धरलं, काय सोडलं. नियम म्हणजे करणाऱ्याचं मत असतं. आपल्या जुन्या मोक्षपटाचंच बघा. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. त्यातले साप म्हणजे दुर्गुण, शिड्या म्हणजे सद्गुण. पट मांडणाऱ्याचं जगाविषयी जे म्हणणं होतं, ते पटावरच होतं. इंग्रज तो घेऊन गेले आणि परत आली ती नुसती सापशिडी. जेकब श्मिट-मॅडसेन या डॅनिश संशोधकाने पश्चिम भारतातल्या अशा पटांवर 2019 साली कोपनहेगनला पीएचडी केली. आपल्या आजीच्या फडताळातल्या खेळावर!

तर या मुलाच्या तोंडी परीक्षेचं काय झालं? बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पुठ्ठा पाहिला आणि म्हणाले, "यात कॉम्प्युटर कुठे आहे?" गुण कापले. भाचीच्या मुलीला मात्र भरघोस गुण मिळाले, तिच्या बिल्ल्यांचे रंग सुरेख होते. तिने मिळवले त्याचा आनंद आहेच. पण त्या परीक्षकांना कोणीतरी सांगायला हवं होतं की 'ओरेगॉन ट्रेल' हा शाळांमधला इतका गाजलेला कॉम्प्युटर गेम 1971 साली मिनेसोटातल्या डॉन रॉविच नावाच्या एका शिकाऊ शिक्षकाने आधी कागदावरच आखला होता. त्याच्या दोन मित्रांनी मग तो कॉम्प्युटरवर चढवला. तिथल्या मूळ रहिवाशांची बाजू त्यात नाही असा आक्षेप पुढे आला, म्हणजे पुन्हा नियमांचाच प्रश्न.

मुलगा दोन दिवस रुसला होता. काल संध्याकाळी पुठ्ठा घेऊन परत आला. वरच्या डोंगरातली झाडं तोडली तर पाऊस तेवढाच असून पाणी लवकर खाली येईल का, हे त्याला खेळात घालायचं आहे. रविवारी बसणार आहोत.

त्याला बदलापूरच्या गल्ल्यांमधली 2005 ची पाण्याची उंची हवी आहे. ज्यांना आठवत असेल त्यांनी मला कळवा. फुटांत नको, किती पायऱ्या बुडाल्या ते सांगितलंत तरी चालेल.