कानात गाणे, हातात अनुवाद

‘गाणे लावले की अनुवाद झरझर होतो,’ असे सांगणारे मित्र मला नेहमी भेटतात. झरझर होतो, हे खरे. पण अनुवाद होतो का? मीही एकदा केसरबाई लावून कोकणी कथा मराठीत आणत होतो. ‘घरांत नुस्तें ना’ याचे मी बेधडक ‘घरात नुसते नाही’ केले. गोंयकाराच्या घरातली मासळीच तानेत वाहून गेली! आणि त्या घराची सगळी गरिबी त्या एका शब्दात होती. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजरमधून अंतराळात गेली, ती काय आपल्या टेबलावर पंख्यासारखी घरघरायला? वाक्यालाही लय असते. ती ऐकायला कान मोकळा लागतो. गाणे जरूर ऐका, पण लेखणी खाली ठेवून.